सहाला काय म्हणतात

धक्क्यावरच्या काटेवाल्याला सगळे ‘पेझा’ म्हणत. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी वाचलं जाई. एरवी मुकादमापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पेझा. पोर्तुगीज भाषेत एखादी वस्तू अमुक इतकी भरते असं सांगायचं असेल तर ‘पेझा’ म्हणतात, आणि वायरलेसवर हा माणूस दिवसातून चाळीस वेळा तेच म्हणे. पेटी पेझा इतकी, पिंप पेझा इतकं. नाव चिकटायला तेवढं पुरे होतं.

एकवीस वर्षं तो त्या काट्यावर होता. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी तक्ता आणि शेजारी काचेची खोली. खोलीत एक टेबल, एक वही, भिंतीला टांगलेली फडकी. रोज सकाळी तक्त्याच्या फटीतली माती तो जुन्या दाढीच्या ब्रशने काढायचा. मुकादम म्हणायचा, “बायकोला इतकं जपला असतास तर ती डोक्यावर बसली असती.” पेझा म्हणायचा, “ती बसलेलीच आहे. म्हणून तर इथे लवकर येतो.”

चार वर्षांपूर्वी धक्क्यावर नवे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावा, लागू लागले. त्यांचे लोक पोर्तुगीज बोलत, आणि त्यांच्याबरोबर आलेला क्रेनवालाही. हा क्रेनवाला कुणी पाणी दिलं, वाट दिली, नुसतं बघून हसलं, तरी ‘ओब्रिगादो’ म्हणायचा. त्याचा अर्थ ‘आभारी’ असं कळल्यावर लोकांनी त्याचं नाव आभारी ठेवलं. आभारीला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची नव्हती. वरून कागद आला की काट्यावरच्या माणसाने प्रत्येक नगाचं वजन पोर्तुगीजमध्ये वायरलेसवर सांगावं, क्रेनवाल्याने ते उलट बोलून दाखवावं, आणि मगच नग उचलावा. पेझाचं वय तेव्हा बावन्न.

शिकायचं कुठे? तर त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, जहाजावरचा एक निवृत्त कारकून राहायचा. उमेदीची वर्षं त्याने प्रत्यक्ष पोर्तुगालात काढली होती. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरने दर सुट्टीच्या दिवशी दोन तास द्यायचं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी पेझाच्या घरातली इस्त्री ताणकाट्याला लटकवली.

“ही दोन किलो आहे, असं म्हणायचं नाही,” मास्तर म्हणाला. “वस्तू वजन असत नाही, वजन भरते. पेझा. म्हण.”

मग इस्त्री झाली, वरवंटा झाला, पाण्याची कळशी झाली. किलो पुल्लिंगी, टन स्त्रीलिंगी. अर्धा टन वर असेल तर शेवटी ‘ई मेया’ जोडायचं. त्रेश ई मेया म्हणजे साडेतीन. आपल्याकडे चौसष्टमध्ये आधी चार येतात आणि मग साठ, त्यांच्याकडे आधी साठ आणि मग चार. पेझाच्या डोक्यात पहिले सहा महिने आकडे उलटेसुलटे नाचत होते. त्यावर मास्तरने तोडगा काढला. वायरलेसवर एकेक आकडा सुटा बोलायचा. एक, दोन, तीन. उं, दोइश, त्रेश. सहाला सैश.

एकदा पेझाची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, “मास्तर, माझं वजन सांगा बरं तुमच्या भाषेत.”

मास्तर कप उचलत म्हणाला, “वहिनी, काही वजनं कुठल्याच भाषेत सांगायची नसतात.”

मास्तर वजनांपलीकडे काही शिकवायचा नाही. ‘थांब’, ‘मागे घे’, ‘सावकाश’ असले शब्द पेझाने विचारले तेव्हा तो म्हणाला, “तू काटेवाला आहेस. वजन बिनचूक सांग, बाकी आपोआप होतं.” पेझाला ते पटलं होतं. त्याच्या एकवीस वर्षांत आकडा बरोबर असला की बाकी आपोआप झालं होतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी तो घरातून निघत होता. बायकोने दारातून सांगितलं, “येताना अर्धा डझन अंडी आणा. आणि आज पैलवान बार्जवर आहे ना? लक्ष असू द्या.”

पैलवान म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अंगाने काडी, म्हणून पैलवान. पेझानेच त्याला धक्क्यावर लावलं होतं. बार्जवर उभं राहून, येणाऱ्या नगाला दोरीने वळवून जागेवर बसवायचं त्याचं काम. तो त्या दिवशी मेहुण्याबरोबरच चालत निघाला होता आणि वाटेत त्याने सुरू केलं, “दाजी, चार वर्षं शिकताय. अंडी तरी आणता येतील का तुम्हाला पोर्तुगीजमध्ये?”

“मास्तरने दुसऱ्याच दिवशी शिकवलंय. मेया दूझिया. अर्धा डझन.”

“आणि ती उकडून द्या कसं म्हणायचं?”

“ते तुझ्या बहिणीला सांगायचं. मराठीत.”

धक्क्यावर आल्यावर मुकादम घाईत दिसला. पाणी उतरायला दुपारी दोनला सुरुवात होणार होती आणि त्याच्या आत बार्ज भरून सुटायला हवा होता. यंत्रांच्या एकोणीस पेट्या होत्या. एक अडचण आणखी होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. क्रेनच्या केबिनमध्ये भार दाखवणारं यंत्र असतं, ते आठ दिवसांपासून बंद होतं. सुटा भाग यायचा होता. तोवर पेझा सांगेल तेच वजन धरायचं, असं ठरलेलं होतं.

या वजनावर पुढचं सगळं चाले. क्रेन जवळ उचलते तेव्हा तिला दहा टनही झेपतात, पण तिचा लांब हात जसजसा पाण्याकडे खाली झुकतो तसतशी ताकद कमी होते. बार्जच्या पलीकडच्या अंगाला पोचेपर्यंत ती फक्त पाच टनांची उरते. म्हणून नियम सोपा होता. पाचाच्या आतलं पलीकडे, पाचाच्या वरचं अलीकडे.

सतरा पेट्या सुरळीत गेल्या. अठरावी तक्त्यावर आली. यादीत तिच्यापुढे ३४०० लिहिलं होतं. काट्याने ६४०० दाखवलं.

पेझाने चष्मा पुसला. आकडा तोच.

“मुकादमसाहेब, इकडे या.”

मुकादमाने पाहिलं आणि यादी पुढे केली. “चौतीसशे आहे. तुझा काटा म्हातारा झाला.”

“काटा म्हातारा नाही झाला. यादीवाल्याने एका पेटीत दोन यंत्रं घातलीत.”

“एक वाजलाय रे बाबा.”

“दहा मिनिटं द्या.”

पेझाने कोपऱ्यातली वीस-वीस किलोची दहा प्रमाणित वजनं स्वतः उचलून पेटीच्या शेजारी तक्त्यावर मांडली. आकडा सरकला आणि ६६०० वर थांबला. बरोबर दोनशेने वाढला. वजनं काढली, परत ६४००. पाठ धरली होती, पण तो सरळ उभा राहिला.

“आता बोला.”

“बरं, चौसष्टशे तर चौसष्टशे,” मुकादम म्हणाला. “नाकापेक्षा मोती जड. अलीकडच्या अंगाला ठेवू. सांग त्या आभारीला.”

पेझाने वायरलेस उचलला. खरखर रोजच्यापेक्षा जास्त होती. “कायशोत देझोइतु,” तो म्हणाला. अठरावी पेटी. “पेझा सैश, क्वात्रु, झेरु, झेरु किलुश.”

पलीकडून खरखरीतून आभारीचा आवाज आला. “...एइस, क्वात्रु, झेरु, झेरु. ओब्रिगादो.”

पेझाने वहीत बरोबरची खूण केली. साखळ्या ताणल्या गेल्या, तक्त्यावरचा आकडा भराभर उतरून शून्यावर आला आणि पेटी हवेत गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या क्षणी धक्क्यावर कुणालाच माहीत नव्हती. मास्तर पोर्तुगालातली भाषा शिकला होता. तिथे तीनला त्रेश म्हणतात आणि सहाला सैश. आभारी समुद्रापलीकडच्या दुसऱ्या देशातला. त्याच्याकडे तीनला त्रेइस आणि सहाला सेइस. पेझाचे कान ‘त्रेश’ची वाट पाहायचे. ‘एइस’ ऐकू आलं की तो सहा धरायचा. आणि आभारीसमोर यादी होती. यादीत तीन होते. एरवी आभारी पेझाचेच शब्द आपल्या उच्चारात परत म्हणे आणि चूक झालीच तर केबिनमधलं यंत्र ती झाकून घेई, म्हणून चार वर्षांत हा घोळ कधी उघडा पडला नव्हता.

पेटी दोन पुरुष उंचीवर गेली तशी क्रेनचं इंजिन घुरघुरलं. आभारीला ते जाणवलं असावं. वायरलेसवर प्रश्न आला, “त्रेइस ओ मेया?”

पेझाला खरखरीत ऐकू आलं, ‘त्रेइस ई मेया’. साडेतीन. हे साडेतीन आलं कुठून?

“नाऊं!” तो ओरडला. म्हणजे नाही. “सैश! सैश!”

“ओके, ओके,” आभारी म्हणाला.

मुकादमाने विचारलं, “काय म्हणतो?”

“साडेतीन टन का विचारतो. सहा सांगितलं.”

“यादी बघत असेल. कळलं ना त्याला?”

“ओके म्हणाला.”

पेटी पाण्यावर गेली. क्रेनचा हात झुकू लागला. बार्जच्या अलीकडच्या अंगाला मोकळी जागा होती, तिथे तिला उतरायचं होतं. पेटी तिथे आली, आणि थांबली नाही. हात आणखी झुकला. पेटी अलीकडच्या अंगावरून पुढे सरकली, पलीकडच्या अंगाकडे. तिथे पैलवान दोरी हातात घेऊन उभा होता आणि दुसऱ्या हाताने खुणावत होता, ये, ये, आणखी ये. त्याच्या पाठीमागे दोन हातांवर बार्जची कड, आणि कडेखाली पाणी.

“हा पलीकडे कुठे चालला?” मुकादम म्हणाला.

क्रेनच्या केबिनची पाठ त्यांच्याकडे होती. हात हलवून उपयोग नव्हता. इंजिनाच्या आवाजात पैलवानाला हाक पोचणार नव्हती. मुकादमाने वायरलेस हिसकावला आणि ओरडला, “स्टॉप! स्टॉप!”

क्रेन थांबली. पण इतकं जड ओझं एकदम थांबलं की झोके खातं. पेटी पुढे गेली, मागे आली, पुढे गेली. आणि पेझाने पाहिलं, क्रेनच्या मागच्या डाव्या पायाखालच्या लोखंडी पाटावरची माती झरझर गळाली. पाय पाटावरून सुटला होता. बोटभर. पेटी मागे आली तसा टेकला, पुढे गेली तसा पुन्हा सुटला.

आता पेटी पैलवानाच्या डोक्यावर टांगलेली होती आणि बाकी सगळ्यांचा जीव टांगणीला.

वायरलेसमधून आभारी वैतागून काहीतरी बोलला. त्यातलं एकच कळलं, “त्रेइस, क्वात्रु, झेरु, झेरु!” त्याच्या हिशेबाने सगळं ठीक होतं. चौतीसशे किलो, पाच टनांची ताकद, थांबायचं कारण काय? तो आता पेटी भरकन खाली सोडणार होता. आणि खाली सोडताना शेवटी जो झटका बसतो, त्या झटक्याला मागचा पाय बोटभर नाही, हातभर उचलला गेला असता.

“सांग ना त्याला!” मुकादमाने वायरलेस पेझाच्या हातात कोंबला. “मागे घे म्हणावं!”

मागे घे. चार वर्षांत पेझाने हा शब्द शिकला नव्हता. ‘वजन बिनचूक सांग, बाकी आपोआप होतं.’

“सैश!” तो म्हणाला. “पेझा सैश! सैश!”

खरखर. मग आभारीचा आवाज, एकेक शब्द तोडून, जसं बहिऱ्याशी बोलावं तसा. “त्रेइस. ओ. मेया?”

पुन्हा तेच. तीन आणि अर्धा. पण या वेळी मधला शब्द सुटा ऐकू आला. ई नव्हता तो. ओ होता. ‘ओ’ म्हणजे ‘की’. तीन की अर्धा?

तीन की अर्धा, असं कोण विचारतं? तीन टन की अर्धा टन? वेड लागलंय का याला? पेटीच्या सावलीत पैलवान मान वर करून बघत होता आणि अजूनही, शहाणा, हाताने खुणावत होता, सोड, सोड. अर्धा. कशाचा अर्धा? टनाचा नाही. किलोचा नाही. तिसरं काय अर्धं असतं? बायको दारात उभी होती. अर्धा डझन आणा. लक्ष असू द्या.

अर्धा डझन म्हणजे सहा.

“मेया!” पेझा इतक्या मोठ्याने ओरडला की वायरलेसची गरजच नव्हती. “मेया! मेया दूझिया! पेझा मेया, क्वात्रु, झेरु, झेरु! त्रेश नाऊं! मेया!”

वायरलेस गप्प झाला. एक, दोन, तीन... पेझाने सवयीने मोजलं. चारला आभारीचा आवाज आला, अगदी हळू, कुणी ऐकू नये असा. “मेया?”

“मेया.”

मग तो जे काही म्हणाला ते प्रार्थना होती की शिवी, हे आजही कुणाला माहीत नाही. क्रेनचा हात वर उठू लागला. भराभर नाही. कंजुषाने मूठ उघडावी, तसा बोटाबोटाने. पेटी झोका घेई तेव्हा तो थांबे, झोका शमला की पुन्हा उठवी. पेझाची नजर मागच्या पायावर खिळली होती. सुटला. टेकला. सुटला. टेकला. मग टेकलेलाच राहिला, आणि पाटाने ‘टक्’ असा आवाज केला. एकवीस वर्षांत त्याने ऐकलेला सगळ्यात गोड आवाज तोच.

पेटी अलीकडच्या अंगाला उतरली तेव्हा दोनला सतरा मिनिटं कमी होती. मुकादम माल बांधायच्या दोरखंडाच्या गुंडाळीवर बसला होता. एकोणिसाव्या पेटीचं नाव कुणी काढेना.

आभारी केबिनमधून उतरून आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने पेझाच्या टेबलावरचा खडू घेतला आणि काट्याच्या तक्त्यावर बसून ३ काढले. “त्रेइस,” तो म्हणाला. मग ६ काढले. “सेइस.” मग कानाला हात लावून मान हलवली. दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्याने कानाशी टेलिफोन धरल्यासारखं केलं, वायरलेसकडे बोट दाखवलं आणि सहाच्या आकड्याभोवती गोल काढला. “मेया.” त्याच्या देशात फोनवर सहाला कुणी सेइस म्हणतच नाही. डझनाचं अर्धं म्हणून मेया म्हणतात, म्हणजे तीन आणि सहात घोळ होत नाही.

घोळ होऊ नये म्हणून! पेझाला हसू येईना आणि रडूही.

पैलवान धक्क्यावर चढून आला. “दाजी, पेटी वरच्या वर का नाचवत होतात? मी कधीचा सोड सोड म्हणतोय.”

मुकादमाने फक्त क्रेनच्या मागच्या पायाकडे बोट केलं. पाटावरच्या मातीत पायाचे ठसे होते, एकावर एक, सात-आठ. पैलवान ते बघत राहिला. मग खाली बसला.

संध्याकाळी पेझा आधी मास्तरकडे गेला. मास्तरची दृष्टी अलीकडे अधू झाली होती, पण कान तिखट होते. त्याने सगळं ऐकलं आणि फणकाऱ्याने म्हणाला, “ते पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक. सैशला सेइस म्हणतात, सहाला अर्धा म्हणतात. भाषेची वाट लावली.”



मग मास्तरने हात पुढे करून चाचपडत त्याचं मनगट धरलं. “अंडी शिकवली होती ना मी तुला?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“पण मेया म्हणजे नुसते सहा, हे नाही सांगितलं. जहाजावर ऐकलं होतं मी. मला ते अडाण्यांचं बोलणं वाटायचं.” त्याने मनगट सोडलं नाही. “आणि ‘मागे घे’ विचारलं होतंस, तेही नाही सांगितलं. ये रविवारी. वही आण.”

पेझा जिना उतरला. वहीत सहाच्या पानावर त्याने उभ्या रकान्यात तिन्ही शब्द लिहिले, सैश, सेइस, मेया, आणि खाली दोन रेघा मारल्या. मग बायकोने विचारलं, “अंडी?” आणि तो चपला न काढताच परत फिरला.

कोपऱ्यावरचा दुकानदार फळी लावत होता.

“सहा अंडी द्या,” पेझा म्हणाला.

“अर्धा डझन म्हणा की, काका.”

“नाही,” पेझा म्हणाला. त्याने एका हाताची पाच बोटं वर केली आणि दुसऱ्या हाताचं एक. “सहा. माझ्यासमोर मोजा.”